जोडलेलं लुगडं

बोट चालता चालता अडखळलं. रेशमावरून फिरणारं बोट कुठे अडखळायचं कारण नाही, निदान या लुगड्यावर तरी नाही, म्हणून नंदाला आधी वाटलं आपलं नखच कुठेतरी फुटलं असेल. तिनं नख पाहिलं. नख शाबूत होतं. मग तिनं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या त्या मोठ्या, उजेडानं भरलेल्या, दिवसभर कुणी नसलेल्या घरात, डायनिंग टेबलावर पसरलेल्या आईच्या लुगड्यावर ती वाकली. शिवण होती. काठापासून काठापर्यंत आडवी, हातानं घातलेली बारीक टीप, इतकी बारीक की बोटाला कळावी पण डोळ्यांना कळू नये. लुगडं एकसंध नव्हतंच. दोन तुकडे जोडून केलेलं होतं. दीपानं बजावलं नसतं तर हे नंदाला जन्मात कळलं नसतं. दीपा एडिसनला आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये नऊवाऱ्या शिवून देते आणि लग्नसराईत तिच्याकडे नंबर लागतात. सकाळी तिचा फोन आला होता : "काकू, आणण्याआधी पूर्ण उलगडून उजेडात बघा हं. जुना सिल्क आहे, कुठे विरला असेल तर आधीच सांगा. कात्री लावल्यावर माझ्यावर नको." नऊवारी शिवायची म्हणजे आधी ती कापायची असते, हे ज्ञान नंदाला याच वर्षी झालं. नात आन्या तीन आठवड्यांनी लग्नाला उभी राहणार होती, आणि तिला पणजीचंच लुगडं नेसायचं होतं. नेसायचं म्हणजे चढवायचं. आत इलॅस्टिक, मागे झिप, निऱ्या आणि काष्टा शिवून तयार, दोन मिनिटांत बाई पेशवाईत. "आजी, नऊवारी इज सो एम्पॉवरिंग," आन्या म्हणाली होती. "यू कॅन लिटरली राइड अ हॉर्स इन इट!" नंदानं मान डोलावली होती. घोड्यावर बसायला लग्नात नवरा मुलगा वीर होताच, पण नातीच्या उत्साहावर पाणी कोण ओतणार?

दंड घातलेली लुगडी नंदानं लहानपणी पुष्कळ पाहिली होती. मधला भाग विरला की बायका तो कापून टाकायच्या, दोन्ही धड टोकं एकमेकांना जोडायच्या आणि आणखी दोन वर्षं काढायच्या. तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच, की आईकडे मुलीच्या लग्नात नेसायलाही धड लुगडं नव्हतं, आणि तिला आईची दया आली. पण दया करून हात पुढे सरकला तसं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. शिवण मध्यावर नव्हती. पदराकडचा तुकडा लांब होता, चांगला सहा वार. दुसरा आखूड, तीनेक वारांचा. आणि विरलेलं तर कुठेच नव्हतं. शिवाय रंग. नंदाच्या लग्नाच्या मांडवात, विजेच्या माळांखाली आणि धुरात जो एकच डाळिंबी दिसला होता तो इथे, खिडकीतून येणाऱ्या स्वच्छ अमेरिकन उजेडात, सरळ दोन निघाला. लांब तुकडा धुऊन धुऊन, उन्हात वाळून विटकरी झाला होता. आखूड तुकडा मात्र काल दुकानातून आणल्यासारखा गडद. म्हणजे एक वर्षानुवर्षं अंगावर वागवला होता आणि दुसरा ट्रंकेत पडून राहिला होता. नंदानं लांब तुकड्याचा खालचा काठ हातात घेतला. रुईफुली काठावर एका जागी काळे ठिपके होते, पसरट, धुऊन न गेलेले. तिनं ते नाकाशी नेले, जणू नव्वद वर्षांनी वास राहणार होता. वंगणाचे डाग होते. सायकलच्या चेनचे. ती खुर्चीवर बसली. हे ते लुगडं होतं. गोष्टीतलं.

गोष्ट आई तिला दहा वेळा सांगायची आणि दहाही वेळा हसून सांगायची. साल चौतीस, गाव सांगली. आई, म्हणजे शरयू, एकोणीस वर्षांची, कॉलेजात, वर्गात पाच मुली आणि साठ मुलगे. त्या पाच जणींनी वाकडा भांग काढायला सुरुवात केली तेव्हा गावात कुजबुज झाली. पोलक्याच्या बाह्या मनगटावरून कोपरावर आल्या तेव्हा कुजबुज वाढली. पायांत चपला, मनगटाला घड्याळ, डोक्यावरचा पदर खांद्यावर. प्रत्येक पायरीला कुणीतरी कपाळावर हात मारून घ्यायचं आणि दोन महिन्यांनी त्याच घरातली सून चपला मागायची. एकदा पाचही जणी हॉटेलात जाऊन चहा प्यायल्या. मालकानं घाबरून पुढचा पडदा ओढून घेतला आणि पैसे घेताना मान वर केली नाही. पण खरी लढाई काष्ट्याची. मुंबईच्या बायका गोल नेसतात, पाचवारी पातळ, काष्टा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मुंबईच्या बायका काय, मुंबईच्याच. सांगलीत गोल नेसणं म्हणजे विकच्छ होणं, आणि विकच्छ बाई देवाला चालत नाही, हे शरयूच्या आजीनं दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवायला सुरुवात केली होती. शरयूनं नऊवारीच गोल गुंडाळून पाहिली. कमरेभोवती एवढा बोंगा झाला की ती आरशात बघून हसत सुटली. मग एका दुपारी तिनं मॅट्रिकच्या वेळी वडिलांनी, आप्पांनी, घेतलेलं रेशमी लुगडं काढलं, आप्पांची कागद कापायची कात्री घेतली आणि शेवटाकडचे तीन वार कापून टाकले. कात्री बोथट, रेशीम निसरडं. कापताना ती घामाघूम झाली. उरलेलं सहावारी गोल नेसून, सायकल हातात धरून ती ओसरीवरून उतरली तेव्हा आप्पांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं, खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "चेनमध्ये अडकेल. जपून." बस्स, एवढंच. आईला ते वाक्य सांगताना नेहमी भरून यायचं. आजीनं मात्र त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, ते मरेपर्यंत. रस्त्यात पोरं 'मड्डम, मड्डम' करत मागे धावायची. "आणि गं," आई म्हणायची, "वारा कसा लागायचा म्हणून सांगू! पोटऱ्यांना वारा लागतो हेच तोवर माहीत नव्हतं." लुगड्याचा रंग कोणता ते आईनं कधी सांगितलं नाही. नंदाच्या मनात ते कायम हिरवं होतं.

गंमत ही की त्या वाऱ्याची किंमत आईनं पुढे सबंध आयुष्य मोजली, आणि नंदाला ती कधी दिसली नाही. लग्न होऊन शरयू कोल्हापूरला गेली तेव्हा सासूबाई समंजसपणानं म्हणाल्या, "घरात काय हवं ते नेस, आमची ना नाही. देवाजवळ मात्र काष्टा हवा." आई म्हणाली, जे नेसून मी बाहेर माणसांत जाते ते नेसून देवासमोर जाईन, नाहीतर जाणार नाही. सासूबाई म्हणाल्या, मग नको जाऊस. दोघींपैकी कुणीच आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त दिवस टिकलं. गौरी-गणपतीत जावा सोवळ्यात वावरायच्या, त्यांच्या रेशमाची सळसळ माजघरातून स्वयंपाकघरात जायची, आणि आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचायची. आरतीच्या वेळी उभी राहायची, पण उंबऱ्याच्या अलीकडे. "मला सुट्टी," असं म्हणून हसायची. लहान नंदाला त्या हसण्याचा राग यायचा. तिला वाटायचं आई आळशी आहे. इतरांच्या आया कशा कपाळाला घाम, हाताला पिठाचा लपका, मागून काष्ट्याची टोकं हलताहेत अशा. आणि आपली आई पाहुण्यासारखी. तिला ती सळसळ हवी होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं तर मऊ सुती पातळ लागायचं, वासही साबणाचा. धूप-कापराचा कधी नाही. पोटच्या पोरीलाही आपलं म्हणणं असं समजावून सांगावं लागतं हे आईला सुचलं नसेल, किंवा सुचलं असेल आणि तिनं ते पोरीवर सोडलं असेल. मुलं असल्या गोष्टी आपल्या आपण समजून घेतील असं शिकलेल्या बायकांना उगाचच वाटतं.

आणि नंदाला स्वतःला काय करावं लागलं? काही नाही. फुकटात मिळालं सगळं. कॉलेजला सहावारी साडी, ती गोल आहे की चौकोनी हे विचारायला कुणी नव्हतं. शब्दसुद्धा उरला नव्हता तो. इथे आली त्या पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्यानं, रवींद्रनं, तिला लोकरीची पँट आणून दिली आणि बर्फात चालताना तिनं ती घातली, झालं. न्यू ब्रन्सविकच्या लॅबमध्ये तीस वर्षं पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हलवल्या, गाडी चालवली, केस कापले, रवींद्र गेल्यावर टिकली काढली नाही आणि कुणी बोलायच्या आत दोन वर्षं उलटली. आपण फार पुढारलेल्या आहोत असं तिला वाटायचं. मराठी मंडळातल्या बायकाही म्हणायच्या, "नंदाताई म्हणजे एकदम मॉडर्न." फुकट मिळालेल्या वस्तूचं वजन कळत नाही, आणि वजन कळलं नाही की ती हातातून कधी निसटली तेही कळत नाही. आता, शहात्तराव्या वर्षी, आईच्या वंगणाच्या डागावर बोट ठेवून बसलेली असताना, तिला स्वतःच्याच एका वाक्याची आठवण झाली आणि ती नको होती. पण आठवण काही दार वाजवून येत नाही.

बहात्तर साल. रवींद्रचं स्थळ ठरलं होतं. मुलगा इंजिनिअर, अमेरिकेला जाणारा. मध्यस्थ जाता जाता म्हणाले होते, "माणसं लाख, पण जुन्या वळणाची हो." एवढंच. त्यांनी काही मागितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. नंदानंच रात्रभर विचार केला. कन्यादानाला आई बसणार, गोल साडी नेसून, काष्टा नाही, होमाशी, सासरची सगळी म्हातारी माणसं बघणार. सकाळी ती स्वयंपाकघरात गेली. आई शेंगा सोलत होती. नंदा दाराशीच उभी राहून म्हणाली, "आई, त्या दिवशी तू नऊवारी नेसशील? काष्ट्याची? एका दिवसाचा तर प्रश्न आहे." आईचे हात थांबले. शेंग अर्धी उघडलेली होती. आईनं तिच्याकडे पाहिलं, म्हणजे नुसतं पाहिलं, रागावून नाही, दुखावून नाही, आप्पांनी पेपरातून पाहिलं असेल तसं खालून वर, आणि म्हणाली, "बरं." मग शेंग पूर्ण उघडली. पुढचे काही दिवस दुपारी ती माडीवर दार लावून बसायची. डोळे लाल झाले होते. विचारलं तर म्हणाली, डोळे आलेत. नंदाला वाटलं, शेजारच्या काकूंकडून लुगडं मागून आणलं असेल. नवीन घेतलं असतं तर बोलणं झालं असतं, आणि त्या घाईत विचारायला वेळ कुणाला होता! मुंडावळ्यांच्या आडून तिनं आईला पाहिलं तेव्हा फक्त सुटका झाल्यासारखं वाटलं. आई झारीनं पाणी सोडत होती. चालताना काष्टा सैल झाला तेव्हा मोठी जाऊ मागून तो खोचत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सवय नाही हो बिचारीला!" बायका हसल्या. आईही हसली. नंदासुद्धा हसली. पस्तीसेक वर्षं उंबऱ्याच्या अलीकडे काढलेली बाई त्या दिवशी उंबरा ओलांडून आत आली, आणि तिला आत आणलं ते सासूनं नव्हे, जावांनी नव्हे, भटजींनीही नव्हे. ज्या मुलीच्या पोटऱ्यांना वारा आयताच लागावा म्हणून हे सगळं केलं, त्या मुलीनं. आणि आईनं त्यासाठी दुसऱ्या कुणाचं लुगडं आणलं नाही. तिनं ट्रंकेतला तो तीन वारांचा तुकडा काढला, जो तिनं पोलकी शिवून संपवला नव्हता, का संपवला नव्हता देव जाणे, आणि स्वतःच्या हातानं कापलेलं स्वतःच्या हातानं जोडलं. टाक्यावर टाका. नंदाला रडू आलं. ती मोठ्यानं रडली. घरात कोणी नव्हतं ते बरं झालं.

रडून झाल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती रडण्यापलीकडची होती. लग्नानंतर आईनं ती गोष्ट पुन्हा सांगितली नव्हती. घरी परत गोल साडी सुरू झाली, पेपर सुरू झाला, गणपतीतली खुर्चीही. पण आप्पांची कात्री, हॉटेलातला पडदा, 'चेनमध्ये अडकेल, जपून', त्यातलं काही नाही. मुलगी इला लहान असताना नंदा तिला घेऊन भारतात गेली होती तेव्हा तिनंच आग्रह केला, "आई, सांग ना इलाला तुझी लुगड्याची गोष्ट." आई म्हणाली, "कसली गं? मला नाही आठवत." नंदाला वाटलं म्हातारपण. निघताना आईनं मलमलीत बांधलेलं हे लुगडं तिच्या बॅगेत ठेवलं आणि म्हणाली, "इलाला होईल." दोन वर्षांनी आई गेली. नंदानं मलमलीची गाठ सोडून डांबरगोळ्या बदलल्या, पण लुगडं उलगडलं नाही. घड्या मोडतील म्हणून. अशी काळजी घेत होती ती.

गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला तेव्हा टेबलावर लुगडं तसंच होतं. इला आली. ऑफिसचा बिल्ला गळ्यात, हातात ग्रोसरीची पिशवी. इला पन्नाशीला टेकली होती, औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, आणि आठ वर्षांपूर्वी सुशांतपासून वेगळी झाल्यापासून आईबरोबर राहत होती. म्हणजे आई तिच्याबरोबर, घर इलाचं होतं. सुशांत सनीव्हेलला, दुसरा संसार मांडून. मुलीच्या लग्नाला येणार होता, पण पाहुणा म्हणून. विधीला बसणार नाही हे त्यानं आपण होऊन कळवलं होतं. आणि मागच्या पंधरवड्यात, याच टेबलावर, नंदानं इलाला काय सांगितलं होतं ते तिला आता शब्दाशब्दानं आठवलं. मॉरिसव्हिलहून वीरच्या आईचा, कादंबरीचा फोन आला होता, बोलता बोलता तिनं विचारलं, "मावशी, कन्यादानाला कोण बसणार?" नंदाला त्यात सूचना ऐकू आली. एकटी बाई, घटस्फोटित. मुलाकडची माणसं कशी बोलून दाखवतील? तिनं फोन ठेवला आणि इलाला म्हणाली, "प्रतापला आणि अदितीला बसू दे विधीला. जोडपं असलेलं बरं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." इला लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होती. तिचे हात थांबले. "ओके," म्हणाली. प्रताप तिचा भाऊ, पलीकडे प्लेन्सबरोला राहतो. त्यानं त्याच संध्याकाळी कुडता मागवला.

"आई, आर यू ओके?" इलानं पिशवी खाली ठेवली. "रडत होतीस?"

"बस इथे," नंदा म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. नीट लागलं नाही, मागचं पुढे झालं, शेंगांचं दोनदा सांगितलं. इलानं शिवणीवरून बोट फिरवलं, काळ्या डागावरून फिरवलं. "माय गॉड," ती म्हणाली. "शी वॉज नाइन्टीन." शिवणीच्या दोन्ही बाजूंचे रंग तिनं उजेडात धरून पाहिले. मग म्हणाली, "दीपा हे कट करणार?"

"करू दे. आन्याची हौस आहे, आईनं कौतुकच केलं असतं. त्याचं नाही गं मला." नंदानं तिचा हात धरला. हात गार होता. "कन्यादानाला तू बसायचंस. तू. प्रताप नाही."

"आई, नको ना. इट्स ऑल सेट. मी त्या वेळी केटररकडे बघणार आहे, सीटिंग बघणार आहे. समबडी हॅज टू."

"केटरर गेला खड्ड्यात! मी बोलते कादंबरीशी. आता बोलते. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे, मला नाही भीती." आणि इला काही म्हणायच्या आत नंदानं फोन लावला, स्पीकरवर, हातात लुगड्याचा काठ तसाच. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती, आमच्या घरात ही पद्धत नाही, माझ्या आईनं चौतीस साली, काय काय. कादंबरीचा आवाज आला तोच हसरा, मागे मिक्सर फिरत होता. नंदानं एका दमात सांगून टाकलं की कन्यादानाला इला बसेल, एकटी, आणि यात काही बदल होणार नाही.

मिक्सर बंद झाला. "अय्या मावशी, व्हेरी गुड!" कादंबरी म्हणाली. "खरं सांगू का, आम्हाला तेच हवं होतं. माझ्या नणंदेनं केलंय की एकटीनं, इथेच, गुरुजी पण तेच. मी तुम्हाला विचारलं ते फक्त गुरुजींना नावं द्यायची होती म्हणून. वीर तर म्हणत होता, ऑफकोर्स इला आंटी बसणार. मग इलानं प्रतापदादांचं नाव सांगितलं, तर आम्हाला वाटलं तुमच्याकडे चालत नसेल. म्हणून आम्ही गप्प बसलो यार, कशाला उगीच कुणाला दुखवायचं." मग घाईनं म्हणाली, "मावशी, एक मिनिट हं, दाराशी कुणीतरी आलंय, होल्ड करा."

फोन टेबलावर शांत झाला. लढायला निघावं आणि समोर कुणी नसावं तसं नंदाला झालं. पण त्याखाली आनंदही होता. ती इलाकडे वळली. "ऐकलंस ना? त्यांची काही हरकत नाही. काही म्हणजे काहीच नाही!"

"मला माहीत होतं," इला म्हणाली.

"माहीत होतं?"

"वीरनं मला तेव्हाच सांगितलं होतं. ही वॉज सो स्वीट अबाउट इट." इला हळू बोलत होती, फोनकडे बघत. "त्यांची हरकत नव्हतीच, आई. तुझी होती."

नंदानं फोन टेबलावर थोडा दूर सरकवला.

"आठ वर्षं बघते ना मी. सत्यनारायण असला की तू प्रतापला बोलावतेस. घर माझं, शिरा मी करते, आणि पूजेला ते दोघं बसतात. तू कधी म्हणाली नाहीस बसू नको. यू जस्ट नेव्हर आस्क्ड मी टू सिट. मला वाटलं, तुला नाही बघवत मला तिथे एकटीला. सो आय मेड इट ईझी."

"तसं नव्हतं गं," नंदा म्हणाली. आणि मग, खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं म्हणून, "तसंच होतं. चुकलं माझं. पण आता मी म्हणते ना, बस तू. माझं ऐक."

इलानं तिच्याकडे पाहिलं. रागावून नाही. राग असता तर नंदाला बरं वाटलं असतं. "तू म्हणालीस नको बसू, मी नाही बसले," ती म्हणाली. "आता तू म्हणतेस बस, म्हणून बसू? माझ्या मुलीचं लग्न आहे, आई. मी उद्या फिफ्टीची होईन. एकदा तरी तुला न विचारता बसायला हवं होतं मला. तेव्हा नाही जमलं. आता बसले तर तेही तुझंच होईल."

"मग नाही बसणार?"

"नाही. प्रतापला नाही सांगायचं आता, ही इज सो एक्सायटेड. आन्याला पण नको सांगू, प्लीज, ती रडेल." इलानं आईच्या हातातून काठ हलकेच सोडवून घेतला आणि ग्रोसरीच्या पिशवीतलं दूध फ्रीजमध्ये ठेवायला गेली. फ्रीजचं दार उघडून ती नुसती उभी राहिली, पाठमोरी, खांदे किंचित वर उचललेले. तिथे जावं, त्या पाठीवर हात ठेवावा असं नंदाला फार वाटलं. पण आज आपण केलेली प्रत्येक गोष्ट उशिराची आहे आणि आपल्याच समाधानासाठी आहे, हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की पाय उचलेना.

"हॅलो, मावशी? आहात ना?" फोनमधून कादंबरीचा आवाज आला. "सॉरी हं, डिलिव्हरीवाला होता. तर मग गुरुजींना काय सांगू? संकल्पाला कुणाची नावं घ्यायची?"

फ्रीजच्या दाराशी इला वळली नाही.

"प्रताप," नंदा म्हणाली. मग तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, नीट ऐकू जाईल असं. "प्रताप आणि अदिती."